किसनभाऊंचा स्लाइस

किसनभाऊ देवापुढं हात जोडतात तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनीत अडकलेली असते. एकदा आम्ही दोघं लेण्याद्रीला गेलो. सगळ्या पायऱ्या चढून, धापा टाकत गणपतीपुढं उभे राहिलो. मी डोळे मिटले, काय मागायचं ते मागितलं, डोळे उघडले, तर हे गृहस्थ अजून तसेच. दोन्ही हात एकमेकांत गुंतवलेले, अंगठे खाली, गुडघे किंचित वाकलेले आणि बूड मागं. पुजाऱ्याला वाटलं म्हाताऱ्याची कंबर धरली. पळी बाजूला ठेवून तो म्हणाला, "बाबा, बसा जरा. चढ लागला असंल."

"बसतो कशाला? ग्रीप घेतोय," किसनभाऊ म्हणाले.

उतरताना त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. गोल्फच्या काठीवर हात अगदी असेच बसले पाहिजेत. सवय लागायची तर दिवसातून जितक्या वेळा दोन्ही हात एकत्र येतील तितक्या वेळा ते असेच आले पाहिजेत. "देवाला काय राव, हात जोडल्याशी मतलब. करंगळी कुठं हाय ते तो बघत न्हाई."

जुन्नर तालुक्यात गोल्फ कुठून आला, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. आमच्याकडं द्राक्षं आहेत, टोमॅटो आहेत, बिबटे आहेत. गोल्फ जो काही आहे तो आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, किसनभाऊंच्या साडेतीन एकर मुरमाड माळावर आहे आणि त्याचे एकूण सभासद दोन. एक ते आणि दुसरा मी. मी नोकरीत असताना जनावरांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखाली. पण गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेल्या माणसाला वाडीत डॉक्टरच म्हणतात. निवृत्त झाल्यावर माझा तोच खांदा आखडला, आणि किसनभाऊंनी मला सांगितलं की गोल्फनं खांदा सुटतो. खांदा सुटला नाही. मीच अडकलो.

किसनभाऊंनी पुण्यात एका कंपनीच्या मोठ्या साहेबाची गाडी एकतीस वर्षं चालवली. साहेब दर रविवारी गोल्फला जायचा. बाकीचे ड्रायव्हर झाडाखाली पत्ते कुटायचे, हे कुंपणाला नाक लावून उभे. एकतीस वर्षांचे रविवार. "साहेबाचा स्विंग लई घाण," ते सांगतात, "पण माणूस सोन्यासारखा." निवृत्तीच्या दिवशी सोन्यासारख्या माणसानं आपली जुनी बॅग ह्यांच्या हातात दिली. आत सात काठ्या, त्यातली एक वाकडी. सगळ्यात लांब काठीला गोल्फमध्ये ड्रायव्हर म्हणतात. त्यावर किसनभाऊंचा एक विनोद आहे, "ड्रायव्हरला ड्रायव्हर दिला." तो मी आजवर दोनशे वेळा ऐकला असेन. दरवेळी ते आधी हसतात आणि मग सांगतात.

हा माणूस स्वस्थ बसलेला मी पाहिलेला नाही. डेअरीच्या रांगेत हातात किटली असेल तर किटली मागं जाते, पुढं येते, आणि मागच्या माणसाच्या पायजम्यावर दूध सांडतं. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातला डाव बघून त्यांची मनगटं फुरफुरतात. अंगण झाडणाऱ्या बाईला ते रस्त्यावरूनच सांगतात, "ताई, मनगट मोकळं सोड, मनगट." ऊस तोडणाऱ्यांपुढं मात्र ते टोपी काढतात. त्यांच्या मते तालुक्यात खरा स्विंग फक्त कोयत्यावाल्यांकडं आहे.

आणि मग त्यांचं ते वाक्य. काठी मागं नेणं म्हणजे बॅकस्विंग आणि फटका मारल्यावर ती शेवटपर्यंत नेणं म्हणजे फॉलो-थ्रू, एवढं कळलं की किसनभाऊंची जगाकडं बघायची रीत कळते. पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की म्हणणार, "बॅकस्विंग झकास. फॉलो-थ्रू न्हाई राव." रस्त्याचं काम अर्धवट पडलं, फॉलो-थ्रू न्हाई. माझ्या मेहुण्यानं दुसऱ्यांदा दारू सोडली तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं आणि ते खरं ठरलं.

माळावर पाच होल आहेत. होल म्हणजे जमिनीत पुरलेले रंगाचे डबे. निशाणं म्हणजे त्यांच्या बायकोच्या, शांतावहिनींच्या जुन्या साड्यांच्या पट्ट्या. होलभोवती खऱ्या मैदानावर मऊ हिरवळ असते. इथं हिरवळ कुठली उगवायला? किसनभाऊंनी तिथं पाणी मारून, चोपणीनं बडवून, शेणानं सारवून खळी केली आहेत. चेंडू त्यावर पडला की मळणीला आल्यासारखा उड्या मारतो. चेंडू ठेवायला ठिबकच्या नळीचे तुकडे. डाव्या हातात हातमोजा पाहिजे, तर औषध फवारायचा रबरी मोजा, बोटं अर्धी कापून.

नियम त्यांनी पाटीवर लिहून पडवीत टांगलेत. पहिल्या होलच्या डावीकडं ऊस आहे. नियम क्रमांक एक: उसात गेलेला चेंडू बिबट्याचा. दुसरा घ्यावा, दंड नाही. नियम क्रमांक दोन: चेंडू मारायच्या वेळी बोलू नये, फोन घेऊ नये, तंबाखू मळू नये. हा दुसरा नियम फक्त माझ्यासाठी आहे.

आता हँडिकॅप. खेळ कच्चा असेल तर खेळाडूला काही फटक्यांची सूट देतात, त्या सुटीच्या आकड्याला हँडिकॅप म्हणतात. जितका कच्चा तितका आकडा मोठा. आकडा उतरला की खेळ सुधारला. किसनभाऊंनी स्वतःला अठरा दिलेत, मला छत्तीस. कशावरून दिले ते विचारायचं नाही. तर एकदा ग्रामपंचायतीत अपंगांच्या दाखल्याचं शिबिर होतं आणि हे सहज डोकावले. क्लार्कनं विचारलं, "काय म्हणताय भाऊ?"

"हँडिकॅप अठरावर आलं. पावसाळ्यात चोवीस व्हतं."

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. "अठरा टक्के? मग बसत न्हाई भाऊ. चाळीस लागतंय."

"चाळीस? चाळीस झालं तर मी तोंड दाखवीन व्हय गावात?"

"लाज कसली त्यात? हक्काचं हाय."

"हक्काचं कसलं? रोज सकाळी घाम गाळून उतरवलंय मी!"

रांगेत एक म्हातारबाबा होते. लहानपणीच्या तापात पाय गेलेला. ते म्हणाले, "माझं साठ हाय." किसनभाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काय काळजी करू नका. सकाळी माळावर या, मी उतरवून देतो." दुसऱ्या दिवशी उजाडता म्हातारबाबा काठी टेकत खरोखरच हजर. त्यांना चहा पाजला, खुर्ची दिली. ते दीड तास आमचा खेळ बघत बसले आणि जाताना म्हणाले, "माझं साठ बरंय."

ह्या सगळ्यात एक दुखणं होतं. स्लाइस. चेंडू सरळ निघायचा सोडून उजवीकडं वळतो आणि भलतीकडं जाऊन पडतो, त्याला स्लाइस म्हणतात. किसनभाऊंच्या बोलण्यात दिवसातून पन्नास वेळा तो यायचा. संध्याकाळी पडवीत बसलो की ते मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांतल्या मास्तरांचे व्हिडिओ लावायचे. कुणी सांगितलं कोपर अंगाला चिकटून पाहिजे, की हे बगलेत मक्याचं कणीस धरून मारणार. कुणी सांगितलं टाच उचलू नका, की टाचेखाली अंडं ठेवून मारणार. वहिनींनी अंडं बंद केलं. मग काठीवर दोष आला. काठीच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली, ट्यूब काढून सुतळी गुंडाळली, सुतळी काढून पुन्हा ट्यूब. "डॉक्टर, तुमाला काय वाटतं? वजन पुढं पडतंय का?" मला काय वाटणार? मला म्हशीचं वजन कळतं.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. बाकीच्या चार होलला त्यांचा चेंडू कधी सरळ जायचा, कधी जमिनीत घुसायचा, कधी बिबट्याकडं. तिसऱ्या होलला मात्र तो न चुकता उजवीकडं.

तिसरा होल बांधाच्या कडेकडेनं जातो. बांधापलीकडं वांग्याचं वावर आहे आणि ते त्यांच्या थोरल्या भावाचं, नामदेवदादांचं. दोघं भाऊ नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वाटणीवरून नाही, पाण्यावरूनही नाही. लग्नपत्रिकेवरून. किसनभाऊंच्या सुजाताचं लग्न ठरलं तेव्हा हे पुण्यात साहेबाच्या ड्युटीवर. पत्रिकेचा मजकूर फोनवरून छापखान्याला सांगितला. पत्रिका आली तेव्हा थोरल्या चुलत्याचं नाव 'आपले नम्र'च्या शेवटच्या ओळीत, एका लांबच्या मेहुण्याच्या खाली, आणि मागं 'श्री.'सुद्धा नाही. दादांनी उभ्या उभ्या पत्रिका वाचली, घडी केली आणि बंडीच्या खिशात टाकली. लग्नाच्या दिवशी, मांडवातून सरळ दिसेल अशा जागी, ते दिवसभर कांदे खुरपत होते.

"छपाईची चूक," किसनभाऊ म्हणायचे. "पर त्यानं विचारायला पाहिजे व्हतं."

"मी थोरला," दादा वाडीत सांगायचे. "यायचं त्यानं."

मधे दादांची बायको वारली. किसनभाऊ गेले, खांदा दिला, सगळं होईपर्यंत थांबले, आणि एक शब्द न बोलता परत आले. त्यांच्याकडूनही नाही, ह्यांच्याकडूनही नाही.

तर रोज सकाळी सातच्या सुमाराला तिसऱ्या होलचा चेंडू बांधावरून वांग्यात जायचा. किसनभाऊ काठी आपटायचे. "गेला! स्लाइस!" मग बांधाच्या अलीकडं कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. पलीकडं पाऊल टाकायचं नाही, ते मैदानाबाहेर, तिथं खेळणाऱ्यानं जायचं नसतं म्हणे. थोड्या वेळानं वांग्याच्या झाडांमागून चेंडू उडून परत यायचा. फेकणारा दिसायचा नाही. चेंडू ओला असायचा, धुतलेला, मातीचा कण नाही.

"आला?"

"आला."

मग आम्ही चौथ्या होलला जायचो. चेंडू यायला उशीर झाला तर ते तिथंच येरझाऱ्या घालायचे. बॅगेत दुसरा चेंडू असला तरी. मला वाटायचं, चिक्कू माणूस.

गेल्या हिवाळ्यात सुजातानं वडिलांच्या वाढदिवसाला एक भेट दिली. पुण्यात सरावाचं एक मैदान आहे, तिथल्या शिकवणाऱ्या बाईंचा एक तास तिनं ठरवला. आम्ही दोघं एसटीनं गेलो. किसनभाऊंनी वाटेत सहा वेळा बॅग खाली काढली, सहा वेळा वर ठेवली. बाई तिशीतल्या, डोक्यावर टोपी, बोलायला चटपटीत.

"काका, प्रॉब्लेम काय आहे?"

"स्लाइस. लई जुनाट."

"मारा बघू."

त्यांनी मारला. चेंडू सुतासारखा सरळ गेला. दुसरा सरळ. पाचवा सरळ. बादलीभर चेंडू संपले, त्यात दोन-तीन जमिनीला घासले असतील, बाकी सगळे सरळ. मी आयुष्यात त्यांना इतकं चांगलं खेळताना पाहिलं नव्हतं, आणि इतकं कासावीस झालेलंही.

"काका, स्लाइस कुठाय?"

"घरी हाय."

बाई हसल्या नाहीत. "घरी कुठल्या होलला होतो? तिथं जसे उभे राहता तसे उभे राहा." किसनभाऊ उभे राहिले. बाईंनी त्यांच्या पायांच्या बोटांना लागून जमिनीवर एक काठी आडवी ठेवली आणि म्हणाल्या, "ही काठी बघा कुठं चाललीय. तुम्ही नेमच उजवीकडं धरताय, काका. चेंडूची काही चूक नाही. तुम्ही सांगताय तिथंच तो जातोय."

"ही चटई हाय," किसनभाऊ म्हणाले. "चटईवर कुणाचाबी सरळ जातोय."

परतीच्या एसटीत त्यांनी बॅग एकदाही वर ठेवली नाही, मांडीवरच धरून बसले. कळंबला गाडी थांबली, मी दोन चहा आणले. त्यांनी चहा हातात घेतला आणि तो निवेपर्यंत तसाच धरला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घरी सांगू नका, डॉक्टर."

"काय?"

"ती बाई म्हणली ते." आणि थोड्या वेळानं, "सरळ मारला तर काय उरलं राव त्या होलात?"

मी त्यांच्याकडं बघितलं नाही. नऊ वर्षांत ह्या माणसाला भावाशी बोलायची एवढी एकच वाट सापडली होती, आणि मी त्याला चिक्कू समजत होतो. मला माझीच लाज वाटली. मी चहाचे कप परत द्यायला खाली उतरलो.

पुढच्या आठवड्यात चेंडू परत आला नाही.

पहिल्या दिवशी आम्ही अर्धा तास बांधापाशी उभे राहिलो. "पाणी दिलं असंल वांग्याला, चिखलात रुतला," किसनभाऊ म्हणाले आणि दुसरा मारला. मग तिसरा. तिन्ही वांग्यात. पलीकडून काही नाही. दुसऱ्या दिवशी चार मारले. मी म्हटलं, दादा बाजारला गेले असतील. "आज कुठला बाजार? रविवारी असतोय जुन्नरचा." मग स्वतःशीच बोलावं तसं त्यांनी सुरू केलं, "सात वाजता पंप चालू करतो. आज केला न्हाई. काल बी न्हाई. चूल मात्र पेटली व्हती, धूर बघितला मी. कुत्रं बी ओरडत न्हाई." मला तोवर वाटत होतं की ह्यांना बांधापलीकडचं फक्त वांगं दिसतं.

तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते माझ्या आधीच तिसऱ्या होलला होते. पहिला, दुसरा होल खेळलेच नाहीत. एकामागून एक चार चेंडू मारले. आता काठी आपटणं नाही, स्लाइसच्या नावानं शिमगा नाही. नेम धरायचा, मारायचा आणि कान देऊन उभं राहायचं. बारा चेंडूंतला एक उरला. तो हातात घेऊन ते फिरवत राहिले.

तेवढ्यात शांतावहिनी चहा घेऊन वर आल्या. "डॉक्टर, तुमीच सांगा आता. भाकरी कुस्करत्यात आन् तशीच ठिवत्यात. पन्नास पावलं न्हाईत, जावा की बघून म्हणते."

"औट हाय ते. खेळणाऱ्यानं जायचं न्हाई," किसनभाऊ म्हणाले.

"मग डॉक्टरांना पाठवा."

"डॉक्टर बी खेळणारेच."

"मी राजीनामा देतो," मी म्हटलं आणि बांध ओलांडला.

दादांचं घर वावरातच आहे. दादा अंगणात बाजेवर बसले होते. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, डोक्याला उपरणं, मान सरळ ताठ, फोटो काढायला बसल्यासारखी.

"कोण?"

"मी. डॉक्टर."

"या. अकरा झालंत," दादा म्हणाले. "चौथ्या सरीत दोन. नळाच्या बाजूला तीन. एक पार कुंपणाला. बाकीचं मधल्या पट्ट्यात. फिरून बघून ठिवलंय सगळं. पर वाकायचं न्हाई सांगितलंय. मोतीबिंदू काढला. वाकलं की डोळ्यावर जोर येतोय म्हणं."

मी विचारलं, सोबतीला कोण आहे? मुलगा चाकणला कंपनीत. ऑपरेशन करून घरी आणलं, दोन दिवस राहिला, ड्युटीवर गेला. सून बाळंतपणाला माहेरी. वाडीत कुणाला सांगितलं नव्हतं. "सांगितलं की त्याच्या कानावर जाणार," दादा म्हणाले. "त्याला वाटंल, दुखणं पुढं करून बोलवायला लागलाय."

"आणि डोळ्यात थेंब कोण घालतं?"

"मीच. डोळ्यात कमी, मिशीत जास्त." मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "त्याची तब्येत बरी हाय ना? रोज एक येतो. आता तीन-तीन, चार-चार यायला लागलं. मला वाटलं, काय झालं की काय ह्याला."

मी म्हटलं, बरी आहे.

"तुमी डॉक्टर ना? तेवढा थेंब घाला की."

घालता आला असता. त्यात काय? पण माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, तुम्ही म्हैस असता तर घातला असता. माणसाच्या डोळ्याला हात लावायचं मला शिकवलेलं नाही. थांबा, माणूस पाठवतो."

परत आलो तर किसनभाऊ बांधावर चढून उभे होते. "काय?"

"मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय."

"कवा?"

"आज चौथा दिवस."

"कुठला डोळा?"

"उजवा."

 "चार दिवस," ते म्हणाले. "आन् मला कुणी सांगितलं न्हाई." त्यांचा चेहरा रागावला होता, की रडवेला, सांगता येणार नाही. मग ते खाली उतरले. पलीकडच्या बाजूला. वांग्याच्या सऱ्यांतून तरातरा निघाले, हातात काठी तशीच. वहिनींनी खळ्यावर पाणी मारायची बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चेंडू आणा म्हणून जावा तुमी, मागनं." मी गेलो.

अंगणात पोचलो तेव्हा दोघं समोरासमोर होते. नऊ वर्षांनी पहिला शब्द कोण बोलणार, ह्यावर वाडीत पैजा लागल्या होत्या. बोलले दादा.

"ती काठी भाईर ठिव. आन् हात धू आधी. साबणानं."

किसनभाऊंनी काठी भिंतीला लावली आणि नळावर गेले. मी आयुष्यात इतका वेळ हात धुताना कुणाला पाहिलं नाही. बोटं, नखं, मनगटं. पुन्हा साबण. पाठ आमच्याकडं होती आणि पाणी वाहत होतं. शेवटी दादा म्हणाले, "आरं टाकी रिकामी व्हईल."

दोन बाटल्या होत्या. "पांढऱ्या झाकणाची आधी," दादांनी सांगितलं आणि चष्मा काढला. डोळा लाल होता आणि त्यांचा चेहरा चष्म्याविना एकदम म्हातारा दिसला. मला वाटतं किसनभाऊंनी तो इतक्या जवळून बऱ्याच वर्षांनी पाहिला असावा, कारण बाटली हातात धरून ते थांबले.

"काय झालं?"

"काय न्हाई. एक थेंब का दोन?"

"एक."

पहिला थेंब नाकावर पडला.  किसनभाऊंनी डाव्या हातानं पापणी धरली, श्वास रोखला आणि दुसरा थेंब बरोबर डोळ्यात सोडला. मग उपरण्याच्या टोकानं भावाचा गाल पुसला.

"दादा, ती पत्रिका छापताना..."

"बोलू नको. पापणी हालती."

 किसनभाऊंनी दुसरी बाटली उचलली.

"आत्ता न्हाई," दादा म्हणाले. "दोन्ही औषधांच्या मधी पाच मिनिटं थांबायचं असतंय."

मग किसनभाऊ बाजेच्या कडेला बसले. मी बादली घेऊन वांग्यात शिरलो. चौथ्या सरीत दोन होते, नळाच्या बाजूला तीन, सगळे अगदी दादांनी सांगितले तिथं. वाकून वाकून माझा खांदा भरून आला. अंगणातलं बोलणं तुटक तुटक कानावर येत होतं.

"सुजाताची पोरगी केवढी झाली?"

"पहिलीत हाय."

"नाव काय?"

"ईश्वरी."

"चांगलंय."

 अकरावा चेंडू कुंपणाशी सापडला. मी सरळ उभा राहिलो आणि घड्याळ पाहिलं. पहिली बाटली खाली ठेवून वीस मिनिटं होऊन गेली होती. बाजेवर दोघं शेजारी शेजारी बसले होते, एकाचे डोळे मिटलेले, दुसऱ्याच्या मुठीत दुसरी बाटली. किसनभाऊंचे हात मांडीवर होते आणि हालत नव्हते.

"झाली का रं पाच मिनिटं?" दादांनी विचारलं.

किसनभाऊंच्या मनगटावर घड्याळ होतं. त्यांनी ते बघितलं नाही.

"न्हाई अजून," ते म्हणाले.

"बरं," म्हणून दादा तसेच डोळे मिटून बसून राहिले.